पद्मिनी घरी उभी करताना

बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी घराच्या अंगणात पुन्हा चालती करणे हे साधारण दोन वर्षांचे आणि तेही रविवारी करायचे काम आहे. घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घेतले तर वेळ अधिक लागतो, पण काम अधिक चोख होते. त्याचे कारण कामाच्या पद्धतीतच आहे. ते पुढे ओघाने येईल.

अमेरिकेत जुनी पाँटिअॅक जीटीओ किंवा मस्टँग घरच्या गॅरेजात मुलांना घेऊन उभी करण्याची रीत आहे. १९६४ सालच्या पहिल्या जीटीओचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे होते. ते बाहेर काढायला साखळीची कप्पी आणि मजबूत तुळई लागते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि वर अॅल्युमिनियमचे हेड. ते हेड एक माणूस दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवतो, आणि टेबलावर आलेली वस्तू मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. शिवाय गाडी मूळची इटालियन, त्यामुळे सगळे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. मोटरसायकलसाठी घरात असलेला पान्यांचा संच निम्म्याहून अधिक कामाला पुरतो. अँबेसेडरच्या इंची मापांपुढे ही मोठीच सोय आहे.

महाराष्ट्रात या गाडीला आणखी एक जवळीक आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची गाडी मराठी घरांत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. पुढे १९६४ साली चौकोनी बांध्याची डिलाइट आली, १९७२ साली तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ साली पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांत जास्त दिसली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांनी आयुष्यभर वापरल्यामुळेच तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि तिचे इंजिन हाताने उघडून बसवणारे मिस्त्री अजून सापडतात.

पुढचे वर्णन साताऱ्यातल्या एका घरच्या कामाचे आहे. गाडी १९७८ सालची, आजोबांच्या नावावरची, नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली. काम बाप-लेकीने मिळून केले. ते सुरू झाले तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती आणि संपले तेव्हा तेरा.

पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात, कागद आणि पत्रा. नोंदणीचे पुस्तक, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक जुळत नसतील तर गाडी कितीही चांगली असो, तिथेच थांबावे. वारसाहक्काने आलेल्या गाडीचे नाव बदलून घेणे हे पहिले काम. ते शेवटावर ढकलणारे पुढे हेलपाटे घालतात.

पत्र्याची परीक्षा अधिक महत्त्वाची. पद्मिनीला वेगळी चौकट नाही, तिचा सांगाडा आणि बॉडी एकच आहे. म्हणून फ्लोअरचा पत्रा आणि दरवाज्यांखालची पेटीसारखी पट्टी गंजली की गाडीचा कणाच गंजला असे समजावे. जुन्या गाड्यांवर गंज न काढता वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. साताऱ्याच्या घरी हे शोधायचे काम मुलीकडे होते. तिने फ्रिजवरचे लोहचुंबक काढले, त्याला पातळ फडके गुंडाळले आणि पुढच्या मडगार्डपासून सुरुवात करून ते हळूहळू पत्र्यावरून फिरवले. जिथे चुंबक धरत नव्हते तिथे खडूने गोल. संध्याकाळपर्यंत गाडीवर सतरा गोल झाले. सर्वांत मोठा डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर होता, आणि तो पुढे उघडला तेव्हा आत करंगळीएवढ्या जाडीची लांबी निघाली. डेंटरने महिनाभराने गाडी पाहिली, तेव्हा त्याने नवी पाहणी केली नाही. गोल मोजूनच त्याने खर्च सांगितला.

मुलाला सोबत घेताना काय द्यायचे नाही हे आधी ठरवावे लागते, आणि ठरल्यावर त्यात सूट नसावी. गाडी जॅकवर असेपर्यंत मूल हातभर लांब. घोड्या (आधाराचे स्टँड) लावून गाडी हलवून पाहिल्याशिवाय मोठ्यांनीही खाली जायचे नाही, आणि मुलाने तर खाली जायचेच नाही. पेट्रोल, बॅटरीचे आम्ल, वेल्डिंग, फवाऱ्याचा रंग ही कामे मोठ्यांची. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि तीही मुलाने नाही. जुना रंगही कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच चालवावा. हे नियम पोर्चच्या भिंतीवर चिकटवले की रोज रागवावे लागत नाही.

यानंतर जे उरते ते खूप आहे, आणि त्यातले सर्वांत मोठे काम नोंदीचे. गाडी उघडताना सगळे लक्षात राहील असे प्रत्येकाला वाटते. दोन महिन्यांनी डब्यात चाळीस बोल्ट असतात आणि कोणता कुठला ते कोणालाच सांगता येत नाही. घरी उघडलेल्या कित्येक गाड्या याच जागी अडतात आणि शेवटी भंगारात जातात. मिस्त्री रोज तेच काम करतो, त्याला नोंद लागत नाही. घरचा माणूस आयुष्यात एकदाच पद्मिनी उघडतो, म्हणून त्याला वही हवी. त्याचे हात काळे असतात आणि त्याला घाई असते, म्हणून ती वही दुसऱ्याने लिहिलेली हवी. मूल इथे मदतनीस राहत नाही, कामाचा अर्धा भार त्याच्यावर येतो.

साताऱ्याची वही दोनशे पानी होती. निघालेली प्रत्येक वस्तू एका पिशवीत, पिशवीवर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे ओळ: ‘४१. डाव्या दाराची वरची बिजागरी. बोल्ट ४, खालचे दोन लांब. एका बोल्टला वायसर नव्हताच.’ शेवटचे वाक्य मोलाचे आहे. पुढे गाडी बसवताना तो वायसर हरवला असे समजून दोघांनी अर्धा दिवस शोधाशोध केली असती. वहीत चित्रेही होती. वायरिंगचे रंग रंगीत पेन्सिलींनी, गिअरच्या दांड्याचे दुवे बाणांनी, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाचे वरून दिसणारे चित्र, चार वायरी आणि त्यांचे क्रमांक लिहून. या शेवटच्या चित्राची गोष्ट पुढे येईल. मोबाइलवर फोटो काढावेतच, पण फोटोत बोल्टची लांबी कळत नाही आणि हात लागला तेव्हा काय सैल होते तेही कळत नाही.

नऊ वर्षे बंद असलेले इंजिन किल्ली फिरवून पाहायचे नसते. पिस्टन रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर केला तर तुटतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतावे आणि आठवडाभर थांबावे. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलावी. पहिल्या रविवारी गाडी हलली नाही. दुसऱ्या रविवारी चाके बोटभर फिरली आणि पंख्याचे एक पाते पुढे सरकले. मुलीने ते वहीत लिहिले, वेळेसकट.

इंजिन मोकळे झाले तरी हेड उघडावे लागले. पाण्याच्या वाटेत गाळ होता आणि व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते. पद्मिनीला आठ व्हॉल्व्ह आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या बैठकीवर वर्षानुवर्षे घासून बसलेला असतो. त्यांची अदलाबदल चालत नाही. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोके पाडून, क्रमांक घालून, व्हॉल्व्ह त्यात उभे केले की चूक होत नाही.

व्हॉल्व्ह घासणे हे काम मुलाच्या हातांना फार चांगले जमते. बैठकीवर कार्बोरंडमची पेस्ट बोटाच्या टोकाएवढी लावायची, लाकडी काठीच्या टोकाचा रबरी पेला व्हॉल्व्हच्या माथ्यावर चिकटवायचा आणि काठी दोन तळव्यांमध्ये धरून मागेपुढे फिरवायची. सुरुवातीला मुलीची काठी सारखी सुटत होती. ओट्यावरून पाहणारी आजी खाली आली आणि म्हणाली, “अगं, रवी फिरवल्यासारखी फिरव. वरून दाबू नकोस, तळवे ढिले सोड.” ताक घुसळायची हीच लय या कामाला लागते. थोडे फिरवायचे, व्हॉल्व्ह उचलून पाव वळण पुढे ठेवायचा, पुन्हा फिरवायचे. आधी खर्रखर्र असा आवाज येतो. पेस्ट झिजत आली की तो मऊ होतो आणि घासणे पुरे झाल्याचे हाताला कळते. पुसून पाहिले की कडेला राखाडी रंगाचे अखंड, सारख्या रुंदीचे वलय दिसले पाहिजे. वलय कुठे तुटले असेल तर पुन्हा पेस्ट. मग हेड आडवे ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचे आणि पाच मिनिटे पाहायचे. थेंब पाझरला नाही तर व्हॉल्व्ह बसला. आठ व्हॉल्व्हना तीन रविवार लागले. सहाव्या व्हॉल्व्हने तीनदा रॉकेल गाळले, आणि लेथवाल्याकडे त्याची बैठक कापून आणावी लागली. हे घरी जमणारे काम नाही, आणि मुलासमोर तसे सांगण्यात कमीपणाही नाही.

हेड बसवताना नवे पॅकिंग हवे, आणि बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. एका कडेने एकदम आवळत गेले तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते. फेरी आणि क्रम मोठ्याने वाचायचे काम वही धरणाऱ्याचे.

कार्बोरेटर सोलेक्सचा. तो उघडला की आत पितळेचे छोटे जेट निघतात आणि त्यांवर बारीक आकडे कोरलेले असतात. चाळिशीनंतर ते वाचायला भिंग लागते, तेरा वर्षांच्या डोळ्यांना लागत नाही. जेटमध्ये तार घालून कचरा काढू नये. भोक केसभर मोठे झाले तरी गाडी जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या मात्र डोळे झाकून बदलाव्यात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुने रबर त्यात फुगते आणि चिरते. गरम इंजिनजवळ गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ला, चोर बाजार ही ठिकाणे. जुना भाग सोबत नेल्याशिवाय जाऊ नये.

पत्रा आणि रंग ही घरची कामे नाहीत. गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडण्याला डेंटरच लागतो. घरी करायचे ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. आधी जुना रंग आणि लांबी उतरवणे, रस्ट रिमूव्हर लावणे, उघड्या पत्र्यावर लगेच रेड ऑक्साइड मारणे. नंतर चारशे नंबरच्या वॉटर पेपरपासून वर चढत जाणे. साताऱ्याला पाऊस पडतो तो ध्यानात घेऊन रंगाचे काम दिवाळीनंतरच घ्यायला हवे होते. ते सप्टेंबरात घेतले गेले. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट धुके धरले आणि बॉनेट व दोन दारे पुन्हा उतरवावी लागली. दोष रंगाऱ्याचा नव्हता. त्याने थांबायला सांगितले होते, घरच्यांना घाई होती.

ब्रेकच्या कामात मुलाचा हात एकाच ठिकाणी लागतो, पण तिथे त्याच्यावाचून चालत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तेलाच्या दाबावर चालतात. नव्या सीली आणि व्हील सिलिंडर बसवल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते. एक जण चाकाजवळ, निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसतो, आणि दुसरा पेडलवर. “दाब.” “दाबलं.” “धर.” निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद होतो. “सोड.” सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून. पेडल दाबलेले असताना निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत जाते आणि सगळे पुन्हा. गाडीत बसलेल्या मुलीला चाकाजवळचे काही दिसत नाही आणि चाकाजवळच्या बापाला तिचा पाय दिसत नाही. दोघांत फक्त आवाज असतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलते, म्हणून पाण्याची बादली जवळ असावी.

शेवटी प्रज्वलन. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवायचे. पिस्टन दाबाच्या फेरीत वर आला की आतली हवा अंगठा ढकलून बाहेर येते. चार फेऱ्यांचे इंजिन म्हणजे काय हे पुस्तकातल्या आकृतीत जेवढे कळते त्याहून पुष्कळ जास्त त्या अंगठ्याला कळते. मुलीने ते चार वेळा करून पाहिले. इंजिनाच्या दोन चकरांत अंगठा एकदाच उडतो हे तिने स्वतः मोजले. तिथून टायमिंगची खूण जुळवायची, पॉइंटमधली फट फिलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी आत ठेवायची आणि प्लगच्या वायरी लावायच्या.

पद्मिनीचा प्रज्वलनक्रम १-३-४-२. बापाला तो पाठ होता, म्हणून त्याने वही न उघडता वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन फटफटले, कार्बोरेटरच्या तोंडातून भडका आला आणि बंद पडले. दुसऱ्यांदाही तेच. तासभर कार्बोरेटर, पेट्रोल पंप, कॉइल सगळे तपासून झाले. मुलगी वही घेऊन आली, चित्राचे पान उघडले आणि टोपणाशेजारी धरले. चित्रात रोटरच्या फिरण्याचा बाण होता. तिने तो उघडतानाच, कुणी न सांगता, काढून ठेवला होता. क्रम बरोबर होता, पण वायरी उलट्या दिशेने लावल्या होत्या. त्या दिशेने १-३-४-२ वाचले की ते १-२-४-३ होते. पहिला आणि चौथा सिलिंडर जागच्या जागी, दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या जागी. म्हणूनच इंजिन अर्धे पेटत होते आणि अर्धे उलट मारत होते. दोन वायरी बदलल्या. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

रस्त्यावर आणण्यापूर्वी आरटीओची तपासणी उरते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी या नोंदणीला पात्र ठरत नाही. म्हणून घरी गाडी उभी करताना दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह टाळावा. १९७८ सालच्या गाडीला अजून तिथवर जायचे होते. तिने नेहमीच्या नूतनीकरणाची तपासणी दिली आणि ती उत्तीर्ण झाली.

वही आता गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तिची एकशे त्रेपन्न पाने भरली आहेत. शेवटची नोंद अशी आहे: ‘पाचशे किलोमीटर झाल्यावर इंजिन ऑइल बदलणे, हेडचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा तपासणे, टॅपेट पाहणे. आजचे रीडिंग ६१,४०८.’